वारा, धावपट्टी आणि विमानांची रांग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाश निरभ्र, पाऊस नाही, धुकं नाही, तरी फलकावर एकामागून एक विमानं उशिरा. अशा दिवशी कारण अनेकदा वाऱ्यात सापडतं. कोणत्या धावपट्ट्या वापरता येतील हे वारा ठरवतो, उतरणाऱ्या विमानांचा जमिनीवरचा वेग वारा घटवतो, आणि मध्येच फिरला तर सगळी रांग उलटी मांडायला लावतो. खाली वेग नॉटमध्ये आणि हवेतलं अंतर सागरी मैलांत दिलं आहे. १ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, म्हणजेच ताशी १.८५२ किलोमीटर.

विमानं वाऱ्याच्या तोंडावरच का उतरतात आणि उडतात?

पंखांना कळतो तो हवेतला वेग, चाकांना आणि ब्रेकना जमिनीवरचा. उतरताना हवेतला वेग १४० नॉट हवा असेल आणि समोरून १० नॉट वारा असेल, तर चाकं टेकताना विमान जमिनीवर १३० नॉटनं धावतं. तोच वारा पाठीमागून आला तर १५० नॉटनं. फरक २० नॉटचाच दिसतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. या उदाहरणात ती जवळपास एक तृतीयांश जास्त होते. ओल्या धावपट्टीवर हा फरक अंगाशी येऊ शकतो.

उड्डाणालाही हाच हिशेब लागू पडतो. समोरून वारा असेल तर विमान कमी धावून उचललं जातं, ऐनवेळी उड्डाण रद्द करावं लागलं तर थांबायला जास्त पट्टी उरते, आणि पुढच्या टेकड्या-इमारती येईपर्यंत जास्त उंची हाती लागते.

धावपट्टीवर लिहिलेल्या आकड्यांचा वाऱ्याशी काय संबंध?

२७ म्हणजे त्या टोकाकडून निघालेलं विमान साधारण २७० अंशांकडे, पश्चिमेला, तोंड करून धावतं. दिशा चुंबकीय उत्तरेपासून मोजून दहाच्या पटीत आणतात आणि शेवटचं शून्य गाळतात. उलट टोकाला ०९. समांतर पट्ट्या असतील तर पुढे एल (डावी), सी (मधली), आर (उजवी) जोडतात.

नवख्यांचा गोंधळ इथे होतो: पट्टीचा आकडा विमान कुठे चाललंय ते सांगतो, तर वाऱ्याचा आकडा तो कुठून येतोय ते सांगतो. म्हणून २७० चा वारा आणि २७ ची पट्टी म्हणजे वारा थेट नाकावर.

चुंबकीय ध्रुव सरकतो तसे हे आकडेही कधीतरी बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५/२३ ही पट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली.

वारा नेमका कुठे आणि कसा मोजतात?

धावपट्टीच्या बाजूला सुमारे १० मीटर उंच खांबावर. मोठ्या विमानतळांवर प्रत्येक टोकाशी वेगळा मापक असतो, कारण तीन-चार किलोमीटरच्या पट्टीच्या दोन टोकांना वारा सारखा असेलच असं नाही. टॉवरमधून वैमानिकाला सांगतात ती दोन मिनिटांची सरासरी. मेटार या नियमित हवामान अहवालात बहुतेक देशांत दहा मिनिटांची सरासरी असते. सरासरीपेक्षा १० नॉट किंवा अधिक उसळी आली की झोताचा आकडा वेगळा देतात. मेटारमध्ये ‘३१०२०जी३२केटी’ असं असेल तर वारा ३१० अंशांकडून, सरासरी २० नॉट, झोत ३२ पर्यंत.

आणखी एक बारकावा. मेटारमधली दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते, टॉवरनं बोलून दाखवलेली चुंबकीय उत्तरेपासून. जिथे या दोन उत्तरांत १५-२० अंशांचं अंतर आहे, तिथे मेटार वाचून केलेला अंदाज चुकतो.

आडवा वारा किती, हे कसं काढायचं?

वाऱ्याची दिशा आणि धावपट्टीची दिशा यांतला कोन घ्या. वेग गुणिले त्या कोनाची साइन म्हणजे आडवा भाग. वेग गुणिले कोसाइन म्हणजे समोरचा भाग. पट्टी २७, वारा ३१० कडून २० नॉट: कोन ४० अंश, आडवा भाग सुमारे १३ नॉट, समोरचा सुमारे १५. झोत ३२ चा असेल तर आडवा भाग २० च्या वर जातो, आणि निर्णय घेताना हाच आकडा बघायचा असतो.

तोंडी हिशेबासाठी: ३० अंशांना निम्मा, ४५ ला सुमारे ७० टक्के, ६० च्या पुढे जवळपास सगळाच वारा आडवा धरावा.

मग वाऱ्याशी सर्वांत जास्त जुळणारी पट्टीच निवडतात, असंच ना?

नाही. पुष्कळ वेळा वारा फक्त काही पर्याय बाद करतो, आणि उरलेल्यांतून निवड दुसऱ्याच कारणांनी होते. कोणत्या टोकाला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम म्हणजे आयएलएस (पट्टी दिसत नसतानाही विमानाला तिच्याकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) आहे, कोणती पट्टी लांब आहे, कोणत्या रचनेत तासाला जास्त विमानं बसतात, शेजारच्या विमानतळाच्या मार्गांशी टक्कर होते का, खाली वस्ती आहे का, टर्मिनलपासून पट्टीपर्यंत विमानाला जमिनीवर किती चालावं लागतं, असा सगळा विचार होतो.

आवाजाच्या मुद्द्याला मात्र मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, कार्यपद्धतीनुसार झोतासह आडवा वारा १५ नॉटच्या वर किंवा पाठीमागचा ५ नॉटच्या वर गेला, तर धावपट्टीची निवड आवाजावरून ठरवता येत नाही. वाऱ्याच्या कातरीची, म्हणजे विंडशिअरची (थोड्या अंतरात वारा एकदम बदलण्याची), सूचना असेल किंवा पट्टी निसरडी झालेली असेल, तरीही तेच.

लंडनचं हीथ्रो हे याचं चांगलं उदाहरण. पाठीमागचा वारा ५ नॉटपर्यंत असेल तरी तिथे दिवसा पश्चिमेकडे तोंड करूनच वाहतूक चालते. त्यामुळे हलक्या पूर्वेच्या वाऱ्यातही विमानं ‘चुकीच्या’ दिशेनं जाताना दिसतात. त्यात चूक काही नसते.

वारा अगदीच पडलेला असेल तर?

तेव्हा सवयीची, सोयीची पट्टी. नियंत्रकांसाठी हे सुखाचे तास.

आडव्या वाऱ्याची मर्यादा कोण ठरवतं?

सगळ्यांना लागू असा एक आकडा नसतो. विमान बनवणारी कंपनी चाचणीत दाखवलेला आकडा देते. एअरबस ए-३२० साठी उतरताना झोतासह ३८ नॉट. हा आकडा विमानाची शारीरिक हद्द असतोच असं नाही, त्या चाचणीत तेवढा वारा होता एवढंच. त्यावर विमान कंपनी स्वतःची, बहुधा कमी, मर्यादा घालते, आणि अनुभव कमी असलेल्या सहवैमानिकाला आणखी कमी. पट्टी ओली, बर्फाळ किंवा निसरडी असेल तर आकडा झपाट्यानं उतरतो. नोव्हेंबर २०२१ पासून पट्टीच्या पृष्ठभागाची अवस्था जगभर ६ ते ० अशा कोडमध्ये कळवतात: ६ म्हणजे कोरडी, ० म्हणजे वापरू नये अशी.

पाठीमागच्या वाऱ्याची मर्यादा अधिक कडक. बहुतेक प्रवासी विमानांना १० नॉट, काहींना १५.

यामुळे होतं काय, की एकाच वाऱ्यात एक विमान उतरतं आणि त्याच्या मागचं दुसऱ्या विमानतळाकडे वळतं. पहिला धाडसी आणि दुसरा भित्रा, असा त्याचा अर्थ लावू नये.

समोरचा वारा चांगला, तर जोराच्या समोरच्या वाऱ्यात उशीर का होतो?

वाऱ्यामुळे होणाऱ्या उशिराचं सर्वांत न समजलेलं कारण हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

उतरणाऱ्या विमानांमध्ये ठेवायचं अंतर मैलांत ठरलेलं असतं. रडारसाठी किमान ३ मैल, विशिष्ट अटींवर शेवटच्या टप्प्यात अडीच. शिवाय मोठ्या विमानाच्या पंखांमागे भोवरे सुटतात, म्हणून वजनानुसार जास्त अंतर लागतं. आयकाओच्या मूळ वर्गवारीत १३६ टन किंवा अधिक वजनाच्या ‘हेवी’ विमानामागे दुसरं हेवी असेल तर ४ मैल, मध्यम असेल तर ५, हलकं असेल तर ६.

आता सरासरी ४ मैल धरू. वारा नसताना १४० नॉटनं ४ मैल कापायला सुमारे १०३ सेकंद लागतात, म्हणजे तासाला ३५ विमानं उतरतात. समोरून ३० नॉट वारा आला की जमिनीवरचा वेग ११०, तेच ४ मैल कापायला १३१ सेकंद, तासाला २७. हवा स्वच्छ, धावपट्टी कोरडी, कुणाचीही चूक नाही, आणि तरी दर तासाला सात-आठ विमानं मागे राहतात. तीन तासांत वीसहून जास्त. संध्याकाळी वारा पडला तरी ही तुंबलेली रांग लगेच ओसरत नाही, कारण पुढच्या तासांची वेळापत्रकंही आधीच भरलेली असतात.

यावरचा उपाय म्हणजे अंतर मैलांऐवजी सेकंदांत ठेवणं. हीथ्रोनं मार्च २०१५ मध्ये ही वेळेवर आधारित पद्धत सुरू केली. जोराच्या वाऱ्यात पंखांमागचे भोवरे लवकर विरतात आणि वाहून जातात, त्यामुळे तेवढेच सेकंद राखून मैल कमी केले तरी सुरक्षितता घटत नाही. आमच्या उदाहरणात १०३ सेकंद राखायचे तर ११० नॉटला सव्वातीन मैलांहून थोडं कमीच अंतर पुरतं. मात्र विमानागणिक बदलणारं अंतर नुसत्या डोळ्यांनी राखता येत नाही. पुढच्या विमानामागे किती अंतरावर मागच्या विमानाचा बिंदू ठेवायचा हे नियंत्रकाच्या पडद्यावर संगणक दाखवतो.

जमिनीवर वारा मामुली, तरी नियंत्रक अंतर का वाढवतात?

वरच्या वाऱ्यामुळे. ३,००० फुटांवर पाठीमागून ३० नॉट आणि जमिनीजवळ समोरून ५ नॉट असं चित्र असेल, तर पुढचं विमान खाली उतरताच मंदावतं आणि मागचं अजून वाऱ्यावर स्वार असतं. दहा मैलांवर नीट राखलेलं अंतर पट्टीजवळ येईपर्यंत आकसतं. हे ओळखून अप्रोच नियंत्रक, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांची रांग लावणारे, आधीच एखादा मैल जादा ठेवतात.

वळणावरही हा वारा त्रास देतो. अंतिम मार्गावर वळताना मागून वारा असला की विमान रेषेपलीकडे वाहवतं. समांतर पट्टीवर दुसरं विमान येत असेल तर ही किरकोळ बाब राहत नाही.

दोन-तीन धावपट्ट्या असल्या की वाऱ्याचा प्रश्न सुटतो का?

पट्ट्या एकमेकींशी कशा बसल्या आहेत त्यावर ते अवलंबून.

समांतर पट्ट्यांच्या मध्यरेषांत १,०३५ मीटर किंवा जास्त अंतर आणि योग्य रडार असेल, तर दोन्हींवर स्वतंत्रपणे विमानं उतरवता येतात. ९१५ मीटर असेल तर दोन्हीकडच्या विमानांना एकमेकांशी तिरकं अंतर राखावं लागतं. एकीवर उतरणं आणि दुसरीवर उडणं, अशा वाटणीला ७६० मीटर पुरतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य जोडपट्ट्यांत जेमतेम २२९ मीटर आहेत. वर्षानुवर्षं तिथे स्वच्छ हवेत वैमानिक एकमेकांना डोळ्यांनी पाहत जोडीनं उतरत, पण सकाळी समुद्रावरून ढग खाली आले की दर जवळपास निम्म्यावर येई.

एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांचं गणित वेगळं. दोन्ही वापरायच्या तर एका पट्टीवरचं विमान छेद ओलांडेपर्यंत दुसरीवरचं थांबतं. छेद उड्डाणाच्या सुरुवातीजवळ असेल तर तो काही सेकंदांत मोकळा होतो. दूरच्या टोकाशी असेल तर वाट पाहणं वाढतं. म्हणजे त्याच दोन पट्ट्या, पण वारा फिरून टोकं बदलली की क्षमता बदलते. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला अशाच दोन छेदणाऱ्या पट्ट्या आहेत, साधारण २,१०० मीटरच्या.

आणि आडवा वारा मर्यादेबाहेर गेला की समांतर पट्ट्या एकदमच निकामी होतात. तिरकी पट्टी असेल तर सारी वाहतूक त्या एकीवर येते, चौपदरी रस्ता अचानक एकपदरी व्हावा तशी.

मग नवे विमानतळ तिरकी पट्टी का बांधत नाहीत?

कारण जेट विमानं जड झाली आणि आडवा वारा बऱ्यापैकी सोसू लागली. आयकाओची शिफारस अशी की ज्या विमानांसाठी विमानतळ आहे त्यांना किमान ९५ टक्के वेळ आडव्या वाऱ्याची अडचण येऊ नये. १,५०० मीटर किंवा जास्त पट्टी लागणाऱ्या विमानांसाठी हिशेबात २० नॉट धरतात, छोट्यांसाठी १३ किंवा १०. वाऱ्याच्या नोंदी किमान पाच वर्षांच्या असाव्यात. बऱ्याच ठिकाणी एकाच दिशेच्या पट्ट्या ही अट पुरी करतात. मग तिरकीची जागा समांतर पट्टीला देणं फायद्याचं. हीथ्रोची मूळ आखणी ताऱ्याच्या आकारात सहा पट्ट्यांची होती, आज दोन समांतर उरल्या आहेत. शिकागोच्या ओहेअरनं छेदणाऱ्या पट्ट्यांचं जाळं मोडून २०२१ पर्यंत पूर्व-पश्चिम अशा सहा समांतर पट्ट्या उभ्या केल्या.

वाहतुकीची दिशा बदलतात तेव्हा पडद्यामागे काय घडतं?

टॉवरचा आणि अप्रोचचा पर्यवेक्षक बोलून ठरवतात: या टोकाला शेवटचं उतरणारं विमान कोणतं, पलीकडून पहिलं कोणतं. हे ‘शेवटचं विमान’ नीट निवडणं म्हणजे अर्धं काम. मोठी पोकळी असलेली जागा सापडली तर बदल स्वस्तात होतो.

त्यानंतर हवेत: अंतिम मार्गावर आलेली विमानं जुन्याच टोकाला उतरतात. त्यांच्या मागची वळवून पट्टीच्या पलीकडच्या बाजूला नेतात, म्हणजे प्रत्येकाला पंधरा-वीस मैलांचा जादा फेरा. फार गर्दी असेल तर घिरट्यांमध्ये पाठवतात. घिरटीचा एक फेरा साधारण चार मिनिटांचा, वरखाली १,००० फुटांच्या अंतरानं विमानं रचलेली.

जमिनीवर: एका पट्टीच्या दोन टोकांचे आयएलएस एकाच वेळी चालू राहू नयेत अशी कुलूपबंद व्यवस्था असते. शेवटचं विमान टेकल्यावरच एक बंद करून दुसरं चालू करतात, आणि ते स्थिर झाल्याची खात्री पटल्याशिवाय पुढच्याला अप्रोचची परवानगी देत नाहीत. दिवे बदलतात. एटिस या ध्वनिमुद्रित माहितीला नवं अक्षर मिळतं.

सर्वांत जास्त कोंडी टॅक्सीवेवर, म्हणजे पट्टीकडे जाण्या-येण्याच्या रस्त्यांवर. जुन्या टोकाशी नाक लावून उभी असलेली आठ-दहा विमानं आता पट्टीच्या लांबीइतकी दूर न्यायची, आणि समोरून नुकती उतरलेली विमानं येत असतात. त्यातच कॉकपिटमध्ये नवं काम: नव्या टोकाचा निर्गमन मार्ग, उड्डाणाचे वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) किती उघडायचे, वजनाची मर्यादा सगळं पुन्हा काढून एकमेकांना वाचून दाखवायचं. घाई केली तर जुन्या पट्टीचे आकडे संगणकात राहून जातात, आणि ही चूक जीवघेणी ठरू शकते. म्हणून ‘पाच मिनिटं द्या’ म्हणणाऱ्या वैमानिकाला नियंत्रक घाई करत नाही, रांगेतून बाजूला घेतो.

वर्दळ कमी असेल तर हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. ऐन गर्दीत त्याचे पडसाद तासभर जाणवतात.

वारा फिरल्यावरही बदल करायला इतका वेळ का लावतात?

कारण फिरलेला वारा पुन्हा फिरू शकतो. वादळी ढगाचा वारा वीस मिनिटांत येऊन जातो, त्याच्या नादी लागून दोनदा दिशा बदलली तर दोन्ही वेळचं नुकसान पदरी पडतं. समुद्रावरचा दुपारचा वारा मात्र ठरल्यासारखा येतो, त्यासाठी गर्दीच्या आधीच बदल उरकून घेणं शहाणपणाचं. फार ताणून धरलं तर पाठीमागचा वारा मर्यादा ओलांडतो, दोन-तीन विमानं लागोपाठ न उतरताच पुन्हा वर जातात आणि बदल सर्वांत वाईट क्षणी करावा लागतो. आमच्या मते उशिरा केलेला बदल लवकर केलेल्या बदलापेक्षा बहुधा महाग पडतो.

उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, याचा रांगेवर काय परिणाम?

या गो-अराउंडमुळे एक जागा वाया जाते, ते विमान पुन्हा रांगेत घालायला दुसरी पोकळी करावी लागते, आणि त्याच्या वर जाण्याच्या मार्गावर उडणारी विमानं येऊ नयेत म्हणून उड्डाणंही थोडा वेळ थांबतात. झोताच्या दिवशी अशी विमानं वाढतात हे धरून नियंत्रक रांगेत मुद्दाम मोकळ्या जागा सोडतात.

विंडशिअर म्हणजे काय, आणि त्यासाठी सगळं थांबवतात का?

थोड्या अंतरात वाऱ्याची दिशा किंवा वेग एकदम बदलणं. सर्वांत धोकादायक प्रकार वादळी ढगातून कोसळणाऱ्या हवेचा, मायक्रोबर्स्ट. विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो, आणि लगेच पाठीमागचा वारा लागून वेग गळतो. १९८५ मध्ये डॅलसला उतरताना डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान असंच कोसळलं आणि त्यानंतर विमानांत पूर्वसूचना देणारी उपकरणं सक्तीची होत गेली. मायक्रोबर्स्ट काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे बहुतेक वेळा वैमानिक थांबणं पसंत करतात.

वैमानिक दिलेली पट्टी नाकारू शकतो का?

हो. अंतिम निर्णय कॅप्टनचा. मात्र सगळ्यांच्या उलट दिशेला उतरायचं किंवा उडायचं असेल तर समोरून येणारी रांग तोडावी लागते, म्हणून वाट पाहायची तयारी ठेवावी.

वारा कसाही असला तरी एकाच दिशेनं चालणारे विमानतळ असतात का?

असतात. नेपाळमधल्या लुक्लाची पट्टी ५२७ मीटरची आणि जवळपास १२ टक्के चढाची, वरच्या टोकाला डोंगर. उतरायचं चढाकडे, उडायचं उताराकडे. दुपारी वारा वाढला की काम थांबतं. फ्रँकफर्टची पश्चिमेची १८ क्रमांकाची पट्टी फक्त दक्षिणेकडे उडण्यासाठी आहे. उत्तरेचा जोराचा वारा आला की तिचा उपयोग संपतो.

वारा पोहोचायच्या ठिकाणी, मग आमचं विमान इथेच का अडकवून ठेवलंय?

कारण हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणं स्वस्त आणि सुरक्षित. पोहोचायच्या विमानतळानं तासाचा दर ३५ वरून २७ वर आणला की प्रवाह नियंत्रण केंद्र येणाऱ्या विमानांना उड्डाणाच्या नव्या वेळा वाटतं. युरोपात दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत उडावं लागतं. ती खिडकी हुकली तर नवी वेळ, बहुधा आणखी उशिराची. म्हणून दारं बंद करून उभ्या विमानातून सहसा कुणाला खाली उतरू देत नाहीत.

आज कोणती पट्टी वापरात असेल, याचा अंदाज घरबसल्या कसा बांधायचा?

आधी विमानतळाच्या पट्ट्यांचे आकडे पाहा. मेटारमधला वारा घ्या आणि प्रत्येक टोकासाठी पाठीमागचा भाग काढा. ५ नॉटपेक्षा जास्त येणारी टोकं बहुधा बाद. मग आडवा भाग, झोत धरून. दोन टोकं उरली तर त्या विमानतळाची पसंतीची दिशा कोणती ते शोधा. पुढच्या तासांसाठी टॅफ हा विमानतळाच्या हवामानाचा अंदाज वाचा, तो साधारण दर सहा तासांनी निघतो. त्यातला वारा ९० अंशांपेक्षा जास्त फिरणार असेल आणि ती वेळ गर्दीची असेल, तर त्या तासातलं पुढचं जोडविमान पकडायला मध्ये भरपूर वेळ ठेवा.